गॅसबत्तीच्या जाळीचा इतिहास

वीज गावोगावी पोहोचण्यापूर्वी लग्नाची वरात, रात्रीचे कीर्तन किंवा तमाशाचा फड गॅसबत्तीशिवाय उभा राहत नसे. रॉकेलवर चालणाऱ्या या बत्तीतली पांढरी जाळी, म्हणजेच मॅन्टल, जुन्या पिढीतल्या सर्वांना ठाऊक आहे. एकदा जळालेल्या जाळीला नुसते बोट लागले तरी तिचा भुगा होतो. इतकी नाजूक वस्तू एवढा लख्ख उजेड कशी देते? या प्रश्नामागे कमी इंधनात जास्त प्रकाश मिळवण्याच्या प्रयत्नांचा मोठा इतिहास दडलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत घरे आणि रस्ते दगडी कोळशापासून काढलेल्या वायूच्या ज्योतीने उजळत असत. ही ज्योत पिवळी का दिसते? तिच्यात अर्धवट जळालेले कार्बनचे सूक्ष्म कण असतात आणि ते तापून प्रकाशतात. म्हणजे ज्वलन अपुरे राहिले तरच उजेड! उलट 1855 च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये रॉबर्ट बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत जो बर्नर तयार झाला, त्यात वायूमध्ये आधीच हवा मिसळल्याने ज्वलन पूर्ण होते. ती ज्योत अतिशय उष्ण, पण फिकट निळी, जवळजवळ प्रकाशहीन असते. एका ज्योतीत उजेड होता पण उष्णता कमी, दुसरीत उष्णता होती पण उजेड नाही.

ही कोंडी फोडली ती बुन्सेन यांच्याच एका विद्यार्थ्याने. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांचा जन्म 1858 साली व्हिएन्नात झाला. विरल मृदा मूलद्रव्ये वेगळी करणे हा त्यांचा आवडता विषय. 1885 साली त्यांनी तोवर एकच मूलद्रव्य समजल्या जाणाऱ्या 'डिडिमियम'मधून प्रासिओडिमियम आणि निओडिमियम ही दोन मूलद्रव्ये वेगळी करून दाखवली. बर्नरच्या ज्योतीत या मूलद्रव्यांचे क्षार तापवताना ते तेजस्वी प्रकाश देतात, हे त्यांनी पाहिले. प्रकाशणारा पृष्ठभाग वाढावा म्हणून त्यांनी सुती कापड क्षारांच्या द्रावणात भिजवून, वाळवून ज्योतीवर धरले. कापूस जळून गेला आणि ऑक्साइडचा सांगाडा तेवढा कापडाच्या विणीसारखाच मागे राहिला. हीच पहिली जाळी. उष्णता देण्याचे काम ज्योतीचे आणि प्रकाश देण्याचे काम जाळीचे, अशी कामाची वाटणी येथे झाली.

1885 च्या पेटंटमधील जाळी मात्र बाजारात टिकली नाही. तिचा प्रकाश हिरवट होता आणि ती फार लवकर तुटे. 1889 साली कारखाना बंद करावा लागला. त्याच वेळी विजेचा दिवाही पुढे येत होता. एडिसन यांचा कार्बन तंतूचा दिवा 1879 सालचा. त्यामुळे वायूच्या दिव्यांचे दिवस भरले, असेच अनेकांना वाटू लागले होते. पण आउअर यांनी प्रयोग सोडले नाहीत. 1891 साली त्यांना योग्य मिश्रण सापडले: 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड. तेवढ्याच वायूत आता कितीतरी पट, आणि पांढरा, प्रकाश मिळू लागला. वायूच्या दिव्याला आणखी काही दशकांचे आयुष्य लाभले.

हा 1 टक्काच का? कोणतीही तापलेली वस्तू आपली बहुतेक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते. थोरियम ऑक्साइड अवरक्त पट्ट्याच्या दृश्य प्रकाशाजवळच्या भागात फार थोडे उत्सर्जन करते. त्यामुळे जाळी निवत नाही, तिचे तापमान ज्योतीच्या जवळपास राहते. पण शुद्ध थोरियम ऑक्साइड दृश्य प्रकाशही कमीच देते. ती उणीव चिमूटभर सेरियम भरून काढते. सेरियम वाढवले तर विकिरण वाढून जाळी थंड होते आणि उजेड घटतो. वरणात मीठ घालावे तसे हे प्रमाण आहे.

थोरियम मिळते मोनाझाइट या खनिजातून. सुरुवातीला त्याची वाळू मुख्यतः ब्राझीलहून येई. 1909 साली शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मोनाझाइट आढळले आणि केरळची वाळू युरोपातील दिव्यांसाठी जाऊ लागली. पुढे थोरियमचे महत्त्व अणुऊर्जेमुळे वाढले. 1950 साली स्थापन झालेल्या इंडियन रेअर अर्थ्‌स या कंपनीने मोनाझाइटवरील प्रक्रिया भारतातच सुरू केली. थोरियम किरणोत्सारी असल्याचे 1898 साली कळले होते. म्हणून शाळेच्या अडगळीत जुनी जाळी सापडली, तर तिचा भुगा नाकातोंडात जाऊ देऊ नये.

गंमत म्हणजे जाळीला मागे टाकणाऱ्या दिव्याची वाटही आउअर यांनीच दाखवली. 1898 साली त्यांनी ऑस्मियम धातूच्या तंतूचा विजेचा दिवा तयार केला. त्यापाठोपाठ टंगस्टनचा तंतू आला आणि धातूचा तंतू घरोघरी पोहोचला. 'ओसराम' या नावात ऑस्मियम आणि वोल्फ्राम, म्हणजे टंगस्टन, हे दोन्ही धातू आहेत.

पण टंगस्टनचा दिवाही विजेचा फार तर दहावा हिस्सा प्रकाशात बदलतो, बाकीची उष्णताच होते. आज 9 वॅटचा एलईडी दिवा साधारणपणे 60 वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड देतो, कारण त्याला प्रकाश देण्यासाठी तापून लाल-पांढरे व्हावे लागत नाही. वर्गात हे दोन्ही दिवे शेजारी-शेजारी लावावेत आणि प्रत्येकापासून सारख्याच अंतरावर एकेक तापमापी ठेवावा. दहा मिनिटांनी दोन्हींवरचे आकडे विद्यार्थ्यांनाच वाचू द्यावेत आणि विचारावे: जास्तीची वीज कुठे गेली?