तीच कमान

साल १९७७. लाँग आयलंडवरच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. खोलीत अंधार. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या हिरवट पडद्यावर लुईझ चाउ यांचे डोळे खिळलेत. तुम्हीही वाकून बघता. अ‍ॅडिनोव्हायरसच्या डीएनएला त्याचाच आरएनए जोडलाय. एका जागी डीएनएचे दोन पदर सुटलेत. एकाला आरएनए बिलगलाय, दुसरा कमानीसारखा बाजूला झालाय. हा आर-लूप. गेल्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेली युक्ती.

पण आरएनएचं टोक बघा. ते लांब लांबच्या तीन तुकड्यांना जाऊन चिकटतंय आणि मधला डीएनए फुगून वर आलाय. म्हणजे जनुक सलग नाही. त्याचा आरएनए कापून, सांधून तयार होतो! एमआयटीतही हेच दिसलंय. यासाठी १९९३चं नोबेल तिथले फिलिप शार्प आणि इथले रिचर्ड रॉबर्ट्स यांना मिळेल. ज्यांच्या डोळ्यांनी इथे ते पाहिलं, त्या चाउ यांना नाही. मला हे आजही सलतं.

आता २००५. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, जेम्स मॅन्ली यांची प्रयोगशाळा. शियालू ली यांनी कोंबडीच्या पेशींतून एएसएफ/एसएफ२ हे आरएनए सांधायला लागणारं प्रथिन काढून घेतलंय. आरएनएची सांधणी बिघडणार, एवढीच तुमची अपेक्षा. इथे तर डीएनएचेच तुकडे पडतायत!

पेशीत उतरा. ताजा आरएनए बाहेर पडतोय. एरवी हे प्रथिन त्याला लगेच धरतं. आज धरायला ते नाही. आरएनए मागे वळतो आणि ज्या पदरावरून घडला त्यालाच पुन्हा बिलगतो. दुसरा पदर उघडा पडतो. चाउ यांच्या पडद्यावर पाहिलेली कमान ती हीच. तिथे ती परीक्षानळीत मुद्दाम घडवली होती, जिवंत पेशीत मात्र तिच्यापायी डीएनए तुटतो. खात्री कशी करायची? पेशीत आरएनेझ एच वाढवायचं. डीएनएला चिकटलेला आरएनए तेवढा हे एन्झाइम कापून टाकतं. ते वाढवताच डीएनएची मोडतोड कमी होते. इतका नेमका पुरावा क्वचित मिळतो.

२०१४, स्पेनमधलं सेव्हिल. आंद्रेस आगिलेरा यांच्या गटाने मानवी पेशींतलं बीआरसीए२ कमी केलंय. तुटलेला डीएनए दुरुस्त करणारं हे प्रथिन. त्याच्या जनुकात दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. या पेशींतही आर-लूप साठलेत. म्हणजे तुटल्यावर सांधणारं बीआरसीए२ आधीपासूनच आर-लूप साठू देत नव्हतं.