सुरांचे क्लिअरिंग हाउस

इतिहास म्हटला की आपल्याला घोडा लागतो. घोड्यावर माणूस लागतो, माणसाच्या हातात तलवार लागते आणि लढाई संपली की तह लागतो. आमच्या शाळेत लढाईला दोन मार्क होते आणि तहाला चार. त्यामुळे सालबाईचा तह १७८२ आणि वसईचा तह १८०२ हे आकडे अजून पाठ आहेत, बी.कॉम.ला शिकलेलं बरंचसं मात्र केव्हाच राइट-ऑफ झालं. पार्श्वभूमी, कलमे आणि परिणाम असे तीन मथळे घातले की गुरुजी खाली काय लिहिलंय ते फारसं बघत नसत. त्याच मथळ्यांच्या भरवशावर आज एका वेगळ्या तहाची हकिकत सांगतो. त्यात घोडा नाही, तलवार नाही आणि कोणी कोणाला इंचभर मुलूखही दिला नाही. साल १९८३. नाव मिडी.

मिडी म्हटल्यावर आमच्या बँकेतल्या एका भगिनींना फ्रॉक आठवला. मॅक्सीपेक्षा आखूड असतो तो. तो मिडी निराळा. हा मिडी म्हणजे 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस'. सरळ सांगायचं तर विजेवरच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा.

पार्श्वभूमी अशी. १९७०च्या दशकात अमेरिकेत आणि जपानात सिंथेसायझर करणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या, पण प्रत्येकीचं गोत्र वेगळं. एका कंपनीच्या वाद्यात एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढायचा; यामाहा आणि कोर्ग यांच्या कित्येक वाद्यांचा विजेचा हिशेबच निराळा. एकाचं वाद्य दुसऱ्याच्या वाद्याला जोडावं तर त्यातून जे निघे, त्याला संगीत म्हणणं धाडसाचं होतं. वादक बिचारा स्टेजवर चार पेट्या मांडून बसायचा आणि लग्नघरच्या आचाऱ्यासारखा या चुलीवरून त्या चुलीवर धावायचा. उद्या प्रत्येक बँकेनं फक्त स्वतःचेच चेक घ्यायचे ठरवलं, तर व्यापाऱ्याची जी गत होईल, तीच ही.

हे ज्यांना खुपलं ते इकुतारो काकेहाशी. जन्म ओसाकाचा, सुरुवात घड्याळदुरुस्तीपासून आणि १९७२ साली रोलँड ही कंपनी काढलेली. १९८१ साली त्यांनी हा विषय टॉम ओबरहाइम या अमेरिकन प्रतिस्पर्ध्याकडे काढला. तिथून तो कॅलिफोर्नियातल्या सीक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथ यांच्यापर्यंत गेला. स्मिथ यांनी त्याच वर्षी ध्वनितंत्रज्ञांच्या अधिवेशनात एक आराखडा मांडला. अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांनी 'बघू' म्हटलं. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जपानकडून मात्र यामाहा, कोर्ग आणि कावाई बैठकीला बसल्या. काकेहाशींच्या मनात या भाषेला 'यू-मी' म्हणावं असं होतं. म्हणजे तू नि मी. स्मिथना ते जरा बाळबोध वाटलं. मलाही ते एखाद्या कौटुंबिक नाटकाचं नाव वाटतं. शेवटी मिडीवर एकमत झालं.

आता कलमे.

कलम पहिलं, तार. टेपरेकॉर्डरला असायचं तसलं पाच पिनांचं स्वस्त सॉकेट घेतलं. त्या पाचांतल्या कामाच्या पिना तीन. बाकीच्या दोन नुसत्या हजर. हे प्रमाण ऐकल्यावर मला हा तह एकदम आपल्या ऑफिसातला वाटू लागला.

कलम दुसरं, चॅनेल. एका तारेतून सोळा वाद्यांचा कारभार चालेल आणि ज्याच्या नावाचा निरोप त्यानंच तो घ्यायचा. कलम तिसरं, आकडे. प्रत्येक सुराला शून्य ते १२७ मधला एक क्रमांक. मधल्या सप्तकाचा सी म्हणजे ६०. कलम चौथं मात्र फी कुणीही घ्यायची नाही. ज्याला वापरायचंय त्यानं ही भाषा खुशाल वापरावी, रॉयल्टी नाही. चार मार्कांचं कलम म्हणाल तर हेच.

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या प्रदर्शनात स्मिथ यांचं प्रॉफेट-६०० आणि रोलँडचं ज्युपिटर-६ ही दोन वाद्यं एका तारेनं जोडली. एकाची कळ दाबली, दुसरं बोललं. झाला तह.

आता परिणाम. त्यांतला एक आमच्या घरीच येऊन पडला आहे. चिरंजीवांनी शिकवण्यांच्या पैशातून एकोणपन्नास कळांचा मिडी कीबोर्ड आणला. टेबलावर ठेवला. आमच्या सौभाग्यवतींनी एक कळ दाबली. दुसरी दाबली. मग जोरात दाबली.

"अहो, याला आवाजच नाही! दुकानात वाजवून नाही का घेतला?"

"आई, याला आवाज नसतोच," चिरंजीव म्हणाले.

"मग पैसे कसले घेतले?"

चिरंजीव बाइट आणि प्रोटोकॉल यांत शिरले. तिथं एका बँक क्लार्कचा उपयोग झाला. मी म्हणालो, "हे बघ, हा कीबोर्ड म्हणजे आमचं काउंटर. कळ दाबली की तो एक व्हाउचर फाडतो. त्यावर तीन आकडे असतात. समज, १४४, ६०, १००. पहिल्याचा अर्थ 'चॅनेल एक, नोट ऑन', म्हणजे सूर सुरू करा. दुसरा कोणता सूर ते सांगतो. तिसरा सांगतो की बोट किती जोरात आपटलं. व्हाउचरात पैसे नसतात, तसा यात आवाज नसतो. लॅपटॉप हे व्हाउचर पास करतो आणि आवाज तिथल्या तिजोरीतून निघतो. तिजोरीत पियानो असला तर पियानो, सतार असली तर सतार."

"आणि बोट उचललं की?"

"नोट ऑफ. खातं बंद."

हे दुसरं व्हाउचर वाटेत गहाळ झालं तर सूर थांबतच नाही, कोकलत राहतो. आमच्याकडे अशा नोंदी सस्पेन्स अकाउंटला टाकतात आणि मार्चअखेर सगळे त्यांच्याकडे पाहून कोकलतात. मिडीच्या सॉफ्टवेअरात त्यासाठी 'पॅनिक' नावाचं बटण असतं. बँकेत नाही.

१९८३च्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जात, म्हणजे असली साधारण हजार व्हाउचरं. हल्ली तेच निरोप यूएसबीच्या तारेतून जातात. तार खोचायची, सॉफ्टवेअरात कीबोर्डचं नाव निवडायचं, एक ट्रॅक उघडून वाद्य नेमायचं, की झाली शाखा चालू. शिवाय साठवलेला आहे तो आवाज नव्हे, हुकूम. म्हणून सूर चुकला तर ६० खोडून ६२ करता येतो. आमच्या लेजरमध्ये एवढ्या खाडाखोडीला दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागल्या असत्या.

आमचे अण्णा मात्र हे सगळं लांबून पाहत होते. अण्णांची पेटी भजनी मंडळात चाळीस वर्षं वाजलेली. ते आले, बसले आणि दोन मिनिटांत म्हणाले, "आवाज मागून येतोय रे."

अण्णांचा कान खरा होता. लॅपटॉप सेकंदाला ४४,१०० ठिपक्यांचा आवाज रचतो, पण देतो गठ्ठ्यागठ्ठ्यानं. १,०२४चा गठ्ठा असला की नुसत्या गठ्ठ्यापायी सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग उशीर. चिरंजीवांनी गठ्ठा १२८वर आणला, तेव्हा अण्णांची मान डोलली. गठ्ठा फारच लहान केला तर लॅपटॉपला धाप लागून तडतड ऐकू येते, म्हणून बेतानं घ्यावं लागतं.

पण अण्णांची खरी तक्रार पुढेच होती. "यात मींड कुठाय?"

हा प्रश्न घरगुती नाही, राष्ट्रीय आहे. पेटी युरोपातून आली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिच्यावर नाव कमावलं. तरी बारा ठरलेल्या पट्ट्यांत श्रुती बसत नाहीत आणि मींड निघत नाही, या कारणानं १९४० साली आकाशवाणीनं तिला दार बंद केलं. ते थोडं किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. अण्णा तेव्हा तेविशीत होते. मिडीचा तह करणारेही कळांचीच वाद्यं बनवणारे, म्हणून तिथंही प्रत्येक सूर एकेका खोलीत राहतो. या खोलीतून त्या खोलीत सरकत जाण्यासाठी कीबोर्डच्या डाव्या अंगाला 'पिच बेंड'चं चाक असतं. त्याच्या १६,३८४ पायऱ्या.

चिरंजीवांनी चाक दाखवलं. अण्णांनी ते पुढे-मागे फिरवलं. "मींड गळ्यातून निघते रे बाबा, गिरणीतून नाही," म्हणाले. मग तासभर उठले नाहीत.

तहाचे बाकीचे परिणाम थोडक्यात. १९८५ साली अटारी एसटी या कॉम्प्युटरला मिडीची सॉकेटं जन्मजात आली आणि स्टुडिओ माणसाच्या घरात शिरला. २०१३ साली काकेहाशी आणि स्मिथ यांना मिळून तांत्रिक ग्रॅमी मिळालं. २०२० साली मिडी २.० आलं. बोटाच्या जोराच्या १२८ पायऱ्यांच्या जागी त्यात ६५,५३६ आहेत, पण जुन्या भाषेशी त्यानं बोलणं सोडलेलं नाही.

आणि तह करणाऱ्यांना काय मिळालं? स्मिथ यांची सीक्वेन्शियल १९८७ साली बंद पडली. नावासकट यामाहाकडे गेली. ज्यानं जगाला फुकट भाषा दिली, त्याच्याकडे दारावरची पाटीसुद्धा राहिली नाही. पुढे स्मिथ यांनी स्वतःच्या नावानं दुसरी कंपनी काढली. २०१५ साली काकेहाशींनी शब्द टाकला आणि यामाहानं 'सीक्वेन्शियल' हे नाव स्मिथना परत देऊन टाकलं. एका प्रतिस्पर्ध्यानं शिफारस करायची आणि दुसऱ्यानं ती मानायची! काकेहाशी २०१७ साली गेले, स्मिथ २०२२ साली.

आमच्याकडे दोन वर्षं हालचाल नसली की खातं निष्क्रिय होतं आणि ते पुन्हा चालू करायला माणसाला स्वतःची ओळख नव्यानं पटवावी लागते. इथं अठ्ठावीस वर्षांनी एक नाव मालकाच्या घरी आलं. आणि १९८३चं एखादं प्रॉफेट-६०० आज कुणाच्या माळ्यावर सापडलं, तर साध्या जोडतारेनं ते लॅपटॉपला लावता येतं. ते १४४, ६० म्हणतं आणि लॅपटॉप त्याला कुठलाही फॉर्म भरायला न लावता गातो.