एफ.टी.ओ. जनुक : पुण्यातील एक निष्कर्ष आणि एक घाईचे अनुमान

एफ.टी.ओ. या जनुकाचा मधुमेहाशी असलेला संबंध २००७ साली प्रथम इंग्लंडात उजेडात आला. फ्रेलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांना या जनुकात एक अक्षरभेद आढळला. आई व वडील या दोघांकडूनही तो आलेल्या प्रौढांचे वजन, तो मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलोग्रॅम अधिक होते. वजनाचा हिशेब वजा करताच मधुमेहाशी असलेला संबंध नाहीसा झाला. भेदामुळे स्थूलता व स्थूलतेमुळे मधुमेह, अशी साखळी युरोपात नीट जुळली. पुण्यात मात्र ती तशी जुळली नाही. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबाद येथील डॉ. गिरिराज चांडक यांनी सहकाऱ्यांसह २००९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, उंचीच्या मानाने असलेल्या वजनाची वजावट केल्यावरही हा संबंध पुष्कळसा शिल्लक राहिला.

आर.एन.ए.च्या अभ्यासाचा प्रवाह तोवर स्वतंत्रपणेच वाहत होता. १९७४ साली मिशिगन राज्य विद्यापीठात रॉटमन प्रभृतींना संदेशवाहक आर.एन.ए.तील काही ॲडेनोसिनांवर मिथिल गट जोडलेला आढळला होता. परंतु या खुणेचे कार्य तपासण्याचे पुरेसे साधन हाती नसल्याने विषय दीर्घकाळ मागे पडला. २०११ साली शिकागो विद्यापीठातील प्रयोगशाळेने दाखविले की, ही खूण पुसणारे विकर दुसरे कोणते नसून एफ.टी.ओ. होय. जी खूण पुसता येते ती नियमनासाठी असू शकेल, हा विचार त्यातून बळावला. २०१४ साली तर ही खूण ओळखणारे एक प्रथिन संदेशाचा ऱ्हास त्वरित घडवून आणते, असेही दिसून आले.

आता दोन्ही प्रवाह एकत्र करण्याचा मोह अनावर झाला: भेद एफ.टी.ओ.मध्ये आहे, एफ.टी.ओ. खूण पुसते, तेव्हा मधुमेहाचे मूळ खुणेच्या बिघाडात! परंतु हा अक्षरभेद प्रथिन घडविणाऱ्या भागात नाहीच. तो जनुकाच्या पहिल्या इन्ट्रॉनमध्ये, म्हणजे संदेश तयार होताना कापून टाकल्या जाणाऱ्या भागात आहे. २०१४ व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा प्रदेश सुमारे पाच लाख अक्षरे दूर असलेल्या आयआरएक्स-३ या जनुकाचे नियमन करतो व चरबीच्या पेशींची उष्णता निर्माण करण्याची शक्ती त्यावर अवलंबून असते. उलट विकरच निकामी झाल्यास काय होते, याचा दाखला २००९ सालीच एका पॅलेस्टिनी कुटुंबात मिळाला होता. त्यातील बालकांची वाढ खुंटलेली होती, अवयवांत जन्मजात व्यंगे होती, आणि ती तीन वर्षांच्या आतच दगावली. स्थूलतेचा तेथे मागमूसही नव्हता. (या जनुकाचे उंदरांतील मूळ नावही चरबीवरून नव्हे, तर त्याच्या प्रचंड लांबीवरून पडले, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.)

मग पुण्यातील शिल्लक संबंधाचे काय? माझ्या मते प्रथम संशय घ्यावयाचा तो आर.एन.ए.वरील खुणेचा नव्हे, मोजमापाचा. दिसण्यास कृश, पण चरबीचा अंश अधिक, अशी भारतीयांची शरीरयष्टी याज्ञिक यांनीच पूर्वी दाखवून दिली आहे. वजनकाटा ती चरबी पाहत नाही. अंबड तालुक्यातील वडीगोद्रीसारख्या गावी ही तपासणी नेऊ पाहणाऱ्याने काट्याबरोबर कंबर मोजण्याची फीत आणि चरबी मोजण्याचे साधनही न्यावे.