सोन्याचे मांजर

मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही गोष्ट मराठी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मनुस्मृतीने मांजर मारणाऱ्यास प्रायश्चित्त सांगून ठेवले आहे. मुलाबाळांची राखण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहनही मांजरच. एवढा मान आणि एवढा धाक असूनही मनीला पाच पिले झाली म्हणजे आपल्या घरांतून काय होत आले? पिले डोळे उघडून स्वयंपाकघरात धावू लागली की घरातले कोणी वडीलधारे माणूस पहाटेच ती गोणपाटाच्या पिशवीत भरी आणि मंडईच्या मागे, देवळाच्या आवारात, नाहीतर नदीपलीकडे सोडून येई. मारले नाही, तेव्हा पाप नाही. आणि सोन्याच्या मांजराचा खर्चही वाचला. पुढे त्या पिलांचे काय झाले हे कोणी विचारायचे नाही, असा घराघरांतला अलिखित नियम होता.

आज शहरातल्या बिऱ्हाडात पिलू आले म्हणजे मंडळी त्याला पशुवैद्याकडे नेतात आणि विचारतात, ह्याला खच्ची करावे की नाही, आणि करायचे तर केव्हा? अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांच्या कानांवर आणखी एक प्रश्न आलेला असतो: ह्याची नखे काढून टाकावीत काय? दोन्ही प्रश्न शस्त्राचे, दोन्ही पिलाच्या कोवळ्या वयातले. म्हणून ते एकाच पंक्तीला बसवले जातात. पण त्यांचे कूळ अगदी वेगळे आहे. ते कळायला थोडे मागे जावे लागेल.

माणसाची आणि मांजराची ओळख निदान साडेनऊ हजार वर्षांची आहे. सायप्रस बेटावर फ्रेंच संशोधकांना माणसाच्या थडग्याशेजारी, अवघ्या हातभर अंतरावर, जपून पुरलेले एक मांजर सापडले. २००४ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. ते मांजर साधारण आठ महिन्यांचे होते. धान्याच्या कोठारात उंदीर आले, उंदरांच्या मागोमाग मांजर आले आणि माणसाने त्याला राहू दिले. बैलाला वेसण घातली, घोड्याला लगाम घातला. मांजराला यातले काहीच करावे लागले नाही. ते आपल्या मर्जीने आले आणि आपल्या मर्जीने राहिले.

पुढे इजिप्तमध्ये तर मांजराचे दैवत झाले. बुबास्टिस नगरीत बास्टेट देवीचे मोठे देऊळ होते. घरातले मांजर मेले की घरची माणसे शोकाने भुवया काढून टाकीत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेले, तेव्हा संतप्त जमावाने त्याचा जीव घेतला. डायोडोरसने हा प्रसंग स्वतः पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. आता या चित्राची दुसरी बाजू पाहा. ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवलेल्या मांजरांच्या ममींची क्ष-किरणांनी तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्यांतली बरीच मांजरे चार महिन्यांच्या आतली किंवा वर्षाच्या आतबाहेरची निघाली, आणि कित्येकांच्या माना मोडलेल्या होत्या. देवीला नवस म्हणून वाहण्यासाठी ती मुद्दाम वाढवलेली आणि मुद्दाम मारलेली होती. ज्या देशात मांजर मारणाऱ्यास देहान्त होता, त्याच देशात देवळाच्या सावलीत पिलांच्या माना मुरगळल्या जात होत्या. भक्तीने पिले वाचतातच असे नाही, ही गोष्ट एवढी जुनी आहे.

जनावराला खच्ची करण्याची विद्याही काही कालपरवाची नव्हे. खोंड बडवून त्याचा बैल करणे आपल्या कुणब्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. नराचेच नव्हे, तर मादीचेही बीज काढता येते, हे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलला माहीत होते. डुकरिणीवर आणि लढाईवर न्यायच्या सांडणीवर ही क्रिया करतात, असे तो लिहितो. परंतु या साऱ्यात माणसाचा स्वार्थ उघड होता. बैल निमूट औत ओढावा, डुकराला चरबी चढावी, सांडणी ऐन लढाईत गाभण नसावी. मांजराकडून असे कोणतेच काम घ्यायचे नव्हते. उंदीर मारायला खच्ची बोका लागतो असे थोडेच आहे! म्हणून हजारो वर्षे शेतकऱ्याचे शस्त्र मांजराकडे फारसे वळले नाही. जास्त झालेली पिले बादलीत बुडवायची, हा युरोपातल्या खेड्यांचा सरळ हिशेब होता. आपण पापभीरू, म्हणून आपली बादली नाही, पिशवी.

बोक्याला कोणी खच्ची करीत नव्हते असे मात्र नाही. इंग्लंडच्या खेड्यांत बोक्याला डोके आत घालून लांब बुटात कोंबीत, म्हणजे त्याचे दात आणि पुढचे पंजे बुटात अडकत, आणि मग बाहेर राहिलेल्या भागावर सुरी चाले. भूल नाही, औषध नाही. मादीचे तर पोट उघडावे लागते. ते काम बुटात कोंबून होण्यासारखे नव्हते. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरचा आणि १८४७ साली एडिंबरोस क्लोरोफॉर्मचा प्रयोग यशस्वी झाला, तेव्हा माणसाइतकाच जनावरांच्याही नशिबाचा एक दरवाजा उघडला. तरी तो दरवाजा ओलांडून भाटीपर्यंत पोहोचायला शंभर वर्षे लागली. आपल्याकडे मुंबईस परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. पण त्या काळचा पशुवैद्य म्हणजे घोड्याचा आणि गुराचा वैद्य. मांजर घेऊन कोणी त्याच्याकडे गेले असते, तर तो हसलाच असता.

मांजराची प्रतिष्ठा वाढली ती शहरात. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर याने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले, आणि उंदीर मारणारे मांजर कौतुकाने पाहण्याची वस्तू झाले. १९२७ साली लंडनमध्ये मांजरांच्या संरक्षणासाठी एक खास संस्था स्थापन झाली. नको असलेल्या पिलांना जन्मानंतर मारण्यापेक्षा ती जन्मालाच येऊ देऊ नयेत, या विचाराने शहरातल्या दयाळू माणसांत हळूहळू मूळ धरले. दुसऱ्या महायुद्धानंतर चांगली भूल आणि पेनिसिलिनसारखी औषधे हाती आली, तेव्हा कुठे मादीचे पोट उघडणे ही रोजची, बिनधोक गोष्ट झाली. १९७१ साली लॉस एंजलिस शहराने स्वस्तात निर्बीजीकरण करून देणारा दवाखाना काढला. नगरपालिकेने चालवलेला अमेरिकेतला हा अशा प्रकारचा पहिला दवाखाना. त्या सुमारास अमेरिकेच्या आश्रयगृहांत दरसाल सव्वा ते दोन कोटी कुत्री-मांजरे मारावी लागत, असा अंदाज आहे. अलीकडे तोच आकडा दहा लाखांच्या आत आल्याचे सांगतात. सगळे श्रेय शस्त्रक्रियेचे नसेल. पण मोठा वाटा तिचा आहे, यात शंका नाही.

आता ‘केव्हा?’ हा प्रश्न. पुष्कळ वर्षे उत्तर ठरलेले होते: सहा महिन्यांनी. काही लोक तर म्हणत, एकदा पिले होऊ द्या, तिला आईपणाचे सुख मिळू द्या, मग पाहू. अडचण अशी की मांजर पंचांग पाहत नाही. पिलू चार-पाच महिन्यांचे झाले की मादी माजावर येऊ शकते. गर्भ सुमारे नऊ आठवडे राहतो. पिले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. मांजरीचा माज दिवसाच्या उजेडावर अवलंबून असतो. विलायतेत हिवाळ्याच्या अंधारात तो थांबतो. आपल्याकडे बाराही महिने भरपूर ऊन, त्यामुळे तिला अशी सुट्टी फारशी मिळत नाही. एका मांजरीपासून सात वर्षांत ४,२०,००० मांजरे होतात, असे भित्तिपत्रकांवर छापत असत. ते गणित कागदावरचे आहे, कारण त्यात एकही पिलू मरत नाही असे धरले आहे. प्रत्यक्षात पिले मरतात, आणि फार मरतात. खरे म्हणजे भ्यायचे ते त्या मोठ्या आकड्याला नव्हे, तर त्यातून वजा होणाऱ्या पिलांना.

सहा महिन्यांच्या आत शस्त्र लावले तर वाढ खुंटेल, बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद राहील, अशी भीती होती. १९९० नंतरच्या दशकात फ्लॉरिडा विद्यापीठात आणि अन्यत्र याची पद्धतशीर परीक्षा झाली. वाढ खुंटत नाही. उलट हाडे थोडी उशिरा पक्की होत असल्याने किंचित लांबच होतात. मूत्रमार्गाच्या रुंदीतही फरक आढळला नाही. लवकर निर्बीज केलेल्या मादीला स्तनांच्या कर्करोगाचा धोका फार कमी होतो, हेही दिसून आले. आणि मांजरीच्या स्तनातली बहुतेक गाठ वाईटच निघते. बोक्याचेही हितच होते. खच्ची बोका रात्री-अपरात्री भटकत नाही, मारामाऱ्या करीत नाही. १९८६ साली कॅलिफोर्नियात मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा एक विषाणू सापडला; तो मुख्यतः चाव्यांतून पसरतो, आणि भांडखोर बोक्याला चाव्यांचा तोटा नसतो. ब्रिटनमधल्या मांजरांसंबंधीच्या संस्थांनी २००६ साली चार महिन्यांचे वय सुचवले. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या एका मंडळाने २०१६ साली पाच महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करावी असे सांगितले, आणि पुढल्या वर्षी तिथल्या पशुवैद्यक संघाने त्यास पाठिंबा दिला. म्हणजे शास्त्र जसजसे वाढले, तसतसे हे वय खाली आले.

नखांची कथा नेमकी उलट चालली. तिची सुरुवात झाली मातीपासून! १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाने मांजराच्या पेटीत राखेऐवजी एक शोषून घेणारी माती घालून पाहिली. आपल्या बायका केसांना आणि चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीचीच ती बहीण. घाण आणि वास दोन्ही आटोक्यात आले, आणि मांजर चोवीस तास घरात ठेवणे सोयीचे झाले. पण घरात मांजर आले तसा सोफाही होता, पडदे होते, गालिचे होते. मांजर नखे ओरबाडते ते खोडसाळपणाने नव्हे. त्याने नखाचे जुने कवच गळते, पाठ ताणली जाते, आणि ही जागा माझी असा वासाचा शिक्काही उमटतो. झाडाच्या जागी सोफा आला, एवढेच. मग १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेत त्यावर उपाय म्हणून नखे काढून टाकण्याची चाल पडली.

‘नखे काढणे’ हा शब्द फसवा आहे. माणसाचे नख मांसातून वाढते. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातून फुटते. ते परत येऊ नये म्हणून ते हाडच कापावे लागते. म्हणजे आपल्या हाताच्या दहाही बोटांची शेवटची पेरे उडवण्यासारखे हे झाले. २०१७ साली २७४ मांजरांची, निम्मी नखे असलेली आणि निम्मी काढलेली, तुलना प्रसिद्ध झाली. नखे गेलेल्या मांजरांत पाठदुखी, चावरेपणा आणि पेटीबाहेर घाण करणे जास्त दिसले. ते साहजिकच आहे. पंजा दुखत असेल तर वाळूत पाय घालवत नाही. आणि नख नसेल तर दातच उरतात. सोफा वाचवायला गेले आणि गालिचा गेला, असा हा व्यवहार.

युरोपने हे लवकर ओळखले. १९८७ साली स्ट्रासबर्गला झालेल्या पाळीव प्राण्यांच्या करारात नखे काढण्यास मनाई आली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डॉ. जेनिफर कॉनरॅड ही पशुवैद्य, नखे काढल्याने लंगडे झालेल्या सिंह-वाघांचे पंजे दुरुस्त करता करता या प्रश्नाकडे वळली. २००३ साली वेस्ट हॉलीवूड या छोट्या शहराने प्रथम बंदी घातली. २०१९ साली न्यूयॉर्क हे बंदी घालणारे पहिले राज्य झाले. तिथल्या पशुवैद्यांच्या संघटनेचा मात्र विरोध होता. नखे काढू दिली नाहीत तर मालक मांजर घराबाहेर काढील, आणि मग त्याच्या नशिबी मरणच, असे तिचे म्हणणे होते. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण निर्बीजीकरणाच्या बाजूनेही आपण तोच मांडतो: एक लहान दुःख देऊन मोठे टाळावे. भेद इतकाच की पिले जन्माला न येऊ देण्याला शस्त्राशिवाय दुसरा भरवशाचा मार्ग नाही. नखांना आहे. काथ्याचा दोर गुंडाळलेला एक खुंटा, दोन आठवड्यांनी एकदा नखांची टोके कापणे, आणि थोडा धीर. कसोटी ही की शस्त्र कोणासाठी उचलले: मांजरासाठी की सोफ्यासाठी?

याच कसोटीवर आपली पिशवीही ठेवून पाहिली पाहिजे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० साली आपल्याकडे प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध कायदा झाला. पाळीव जनावर उपाशी-तान्हेले मरेल अशा स्थितीत सोडून देणे, हा त्यात अपराध ठरवला आहे. पहिल्या अपराधास दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. सोन्याच्या मांजरापेक्षा पुष्कळच स्वस्त, आणि तोही भरल्याचे क्वचितच कोणी ऐकले असेल. परंतु पापपुण्याचा हिशेब दंडाच्या पावतीवर होत नाही. मंडईमागे सोडलेल्या पाच पिलांपैकी किती आठवडाभर जगत असतील, हे कुत्र्यांना आणि कावळ्यांना ठाऊक. आपल्या हाताला रक्त लागले नाही, इतकेच आपण पाहत आलो.

‘निसर्गाच्या आड कशाला यायचे?’ असे म्हणणारी मंडळी अजून आहेत. त्यांना एवढेच सांगावे की उंबऱ्याच्या आत बशीत दूध ओतले त्या दिवशीच आपण निसर्गाच्या आड आलो. त्या दुधाबरोबर पुढची जबाबदारीही आली. पिलू चार-पाच महिन्यांचे आणि अंगाने धडधाकट झाले, की चांगल्या पशुवैद्याला दाखवावे, भूल देऊन ते काम उरकून घ्यावे आणि दोन-चार दिवस त्याचे लाड करावेत. नखांना हात लावू नये. ती त्याची आहेत. खुर्चीची गादी फाटली तर ती शिवता येते. आणि नदीपलीकडे जाणारी ती पहाटेची पिशवी एकदाची खुंटीला टांगून ठेवावी. काशीच्या त्या सोन्याच्या मांजराचे मोल यापेक्षा फार वेगळे असेल असे वाटत नाही.