बास-ट्रेबलचं बटण आणि धवल्याची कॅसेट

मंडळी, शहापूर-मुरबाडकडच्या लग्नघरात धवला ऐकलेले बरेचजण इथे बसलेत. आगरी-कुणब्यांत धवलारीण गाते, वारल्यांत धवलेरी. हे गाणं वहीत नसतं, तोंडातोंडी चालत येतं. कुणी कधी ते कॅसेटवर घेतलं असेल, तर ती कॅसेट हीच त्याची वही. प्रश्न असा, की या वहीवरची धूळ झटकताना अक्षरं तर पुसली जात नाहीत ना?

धूळ म्हणजे टेपची सळसळ. ती कमी करायचं हत्यार म्हणजे शेल्व्हिंग इक्वलायझर. शेल्फ म्हणजे फळी. एका ठिकाणापासून वरचा किंवा खालचा सगळा आवाज फळीसारखा एकत्र उचलायचा किंवा उतरवायचा. घरच्या ॲम्प्लिफायरची बास-ट्रेबलची बटणं हेच करतात. त्यांचं गाजलेलं सर्किट इंग्रज इंजिनिअर पीटर बॅक्संडॉल यांनी १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापलं.

त्याच काळात तबकड्यांसाठी आरआयएए वक्र ठरला, १९५४ मध्ये. तबकडी कापताना वरचे आवाज वाढवायचे आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे, म्हणजे खरखरही त्यांच्याबरोबर उतरते. १९६८ च्या डॉल्बी-बी पद्धतीने हीच युक्ती टेपला लावली. हळू आवाजातला वरचा भाग रेकॉर्ड करताना साधारण १० डेसिबलपर्यंत उचलायचा, वाजवताना परत खाली आणायचा.

इथेच मेख आहे. आधी उचललं होतं, म्हणून उतरवणं चालून गेलं. डॉल्बी नसलेल्या साध्या रेकॉर्डरवर हे जादा उचलणं झालेलंच नाही. अशा कॅसेटवर आज ४००० हर्ट्झच्या वर ६ डेसिबल उतरवले, तर सळसळीचा जोर निम्मा होतो. पण 'स', 'श', 'च' यांची धारही तिथेच असते, तीही निम्मी होते. आणि धवल्यात चाल थोडी, शब्द फार. शब्दच कळला नाही, तर राहिलं काय?

म्हणून आधी कॅसेट जशीच्या तशी उतरवून ठेवा, एकही बटण न फिरवता. फळी लावायची ती दुसऱ्या प्रतीवर, तीही दोन-तीन डेसिबलपासून. मग ती प्रत गाणं पाठ असलेल्या आजीला ऐकवा. एखाद्या ओळीला ती अडखळली, तर बटण मागे घ्या. सळसळ राहू द्या.