मातृदेह आणि नियमांची भाषा : समाजमाध्यमांवरील कलानियंत्रणाचा इतिहास (२००८–२०२३)

ऑगस्ट २०२१ मध्ये स्पेनचे विख्यात चित्रपटदिग्दर्शक पेद्रो अल्मोदोवार यांच्या ‘माद्रेस पारालेलास’, म्हणजे ‘समांतर माता’, या चित्रपटाचे जाहिरातचित्र प्रसिद्ध झाले. हाविएर हाएन या कलावंताने योजलेल्या या चित्रात नेत्राच्या आकृतीच्या मध्यभागी बुबुळाच्या जागी स्तनाग्र असून त्यातून ओघळणारा दुधाचा थेंब अश्रूसारखा दिसतो. वात्सल्य आणि शोक ही दोन्ही एका थेंबात सामावण्याची ही कल्पना चित्रपटाच्या विषयाशी सुसंगत होती. इन्स्टाग्राम या समाजमाध्यमावरून मात्र हे चित्र काढून टाकण्यात आले. टीकेचा गदारोळ उठल्यावर माध्यमाच्या चालकांनी क्षमायाचना केली आणि चित्र पुन्हा दिसू लागले.

ही घटना एकटी असती, तर तिची गणना यंत्राच्या प्रमादात करून सोडून देता आली असती. परंतु गेल्या दीड तपात काढून टाकणे, निषेध होणे, क्षमा मागणे आणि पुन्हा काढून टाकणे हा क्रम इतक्या वेळा घडला आहे, की त्यामागील कारण व्यक्तींच्या चुकांपेक्षा खोलवर शोधणे प्राप्त आहे. ते कारण बव्हंशी नियमांच्या भाषेत आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ‘अश्लील’ या शब्दाचा पूर्वेतिहास

आरंभी शब्दांचा विचार करू. मराठीत आपण ‘अश्लील’ हा शब्द सर्रास ‘कामोत्तेजक’ या अर्थाने वापरतो; त्याचा मूळ अर्थ एवढा संकुचित नव्हता. र आणि ल यांच्या सुपरिचित विनिमयाने ‘अश्रीर’ आणि ‘अश्लील’ ही रूपे एकमेकांशी जोडली जातात. ज्याच्या ठायी श्री नाही, ते अश्लील. ऋग्वेदातील गोसूक्तात (६.२८) गाईंची स्तुती करताना ऋषी म्हणतो, की त्या कृशाला पुष्ट करतात आणि जो अश्रीर आहे त्यालाही सुरूप करतात. ज्या शब्दाच्या वंशजाने पुढे दूध पाजणाऱ्या मातेचे चित्र दोषी ठरावे, त्याचा पूर्वज दूध देणाऱ्या गाईंच्या सूक्तात आढळावा, हा योगायोग मोठा सूचक आहे.

पुढे अलंकारशास्त्राने अश्लीलता हा काव्यदोष मानला आणि त्याचे तीन प्रकार केले : व्रीडा सुचविणारा, जुगुप्सा सुचविणारा आणि अमंगल सुचविणारा. यांतील ‘सुचविणे’ हा भाग महत्त्वाचा. वस्तूच्या ठायी स्वभावतःच दोष आहे असे येथे गृहीत नाही. शब्दाने श्रोत्याच्या मनात काय उभे केले, यावर दोषाचा निर्णय अवलंबून आहे. म्हणूनच मम्मटासारखा आलंकारिक प्रसंगविशेषी हा दोष दोष राहत नाही, किंबहुना तो गुणही होऊ शकतो, असे मान्य करतो.

आधुनिक काळातील कायद्याची भाषा वेगळी असली, तरी तिची दिशा हीच आहे. इंग्लंडमधील १८६८ च्या हिक्लिन खटल्यात जी कसोटी ठरली, ती वाचकाचे मन भ्रष्ट करण्याच्या प्रवृत्तीची होती. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली रणजित उदेशी खटल्यात ती थोड्याफार फरकाने स्वीकारली, आणि २०१४ साली अवीक सरकार खटल्यात ती बाजूला सारून समकालीन समाजाचे मानदंड व संपूर्ण संदर्भ यांना प्राधान्य दिले. हिक्लिन कसोटी जाचक होती यात संशय नाही. तथापि तीदेखील परिणामाविषयी प्रश्न विचारीत होती. अवयवांची यादी करून ती थांबत नव्हती.

२. मातेची नग्नता : दोन परंपरा

युरोपच्या धार्मिक कलेत बालयेशूला स्तनपान देणाऱ्या मेरीची प्रतिमा दीर्घकाळ पूज्य होती. चौदाव्या शतकात सिएना नगरीत आंब्रोज्यो लोरेंझेत्ती याने, आणि पंधराव्या शतकात यान फान आइक याने, हा विषय निःसंकोचपणे रंगविला. १५६३ च्या डिसेंबरात त्रेंत येथील धर्मपरिषदेने मूर्ती व चित्रे यांविषयी निर्णय केला. पूज्य प्रतिमांत कामुक सौंदर्य असू नये आणि बिशपच्या संमतीवाचून अपूर्व प्रकारची प्रतिमा देवळात बसवू नये, असे त्यात सांगितले होते. पुढील काळात स्तनदायिनी मेरीचा विषय ओसरत गेला. त्याचे श्रेय किंवा दोष एकट्या परिषदेला देता येत नाही. मार्गारेट माइल्स यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे १३५० ते १७५० या चार शतकांत स्तनाचा धार्मिक अर्थ हळूहळू क्षीण झाला आणि वैद्यकीय व कामविषयक अर्थांनी त्याची जागा घेतली. प्रतिमा तीच राहिली. ती वाचण्याची भाषा बदलली.

आपल्याकडील लज्जागौरीची उदाहरणेही या संदर्भात लक्षणीय आहेत. प्रसूतीच्या आसनातील ही विवस्त्र देवी दख्खनमध्ये अनेक ठिकाणी सापडली असून मराठवाड्यातील तेर व भोकरदन येथील लहान मूर्ती अभ्यासकांच्या परिचयाच्या आहेत. नागार्जुनकोंडा येथील मूर्तीवरील लेखात ती घडविणाऱ्या इक्ष्वाकुकुलातील राणीचा उल्लेख ‘अविधवा’ व ‘जीवपुत्रा’ या विशेषणांनी केला आहे. पती व पुत्र हयात असलेली राजस्त्री अशी मूर्ती आपल्या नावानिशी अर्पण करते, यावरून त्या समाजात या नग्नतेचा अर्थ मांगल्याचा होता, हे स्पष्ट होते. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या ‘लज्जागौरी’ या ग्रंथात या मातृदेवतेचा जो विस्तृत शोध घेतला, त्याचा पायाही हाच आहे. अश्लीलतेच्या तीन प्रकारांपैकी एक ‘अमंगल’ आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे लज्जागौरी त्या कोटीत का बसत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

ही उदाहरणे देण्यात पूर्वीचे सर्व उदार होते असे सुचविण्याचा हेतू नाही. त्रेंतचा निर्णय हे नियंत्रणच होते. परंतु ते करणारा बिशप गावाला ठाऊक होता, त्याच्यासमोर उभी असलेली प्रतिमा एक होती आणि त्याचा अधिकार त्याच्या धर्मप्रांतापुरता होता.

३. अवयवांची यादी : २००८ ते २०१५

फेसबुकच्या आरंभीच्या वर्षांत स्तनपानाची छायाचित्रे काढून टाकली जात असल्याच्या तक्रारी वाढल्या. २७ डिसेंबर २००८ रोजी मातांनी या माध्यमावर, आणि पालो आल्टो येथील त्याच्या कार्यालयाबाहेर प्रत्यक्ष जमूनही, निषेध नोंदविला. स्तनपान आक्षेपार्ह नाही. परंतु स्तनाग्र वा त्याभोवतीचे वर्तुळ दिसत असेल तर चित्र नियमबाह्य होय, असे चालकांचे उत्तर होते.

या उत्तराची रचना पाहण्याजोगी आहे. पहिल्या उपवाक्यात क्रिया आहे, दुसऱ्यात अवयव. आणि दोहोंचा विरोध आला असता अवयवाची सरशी होते. २०१२ साली परीक्षकांसाठी तयार केलेली अंतर्गत मार्गदर्शिका बाहेर फुटली, तेव्हा ही व्याकरणव्यवस्था उघडच झाली. स्त्रीचे स्तनाग्र निषिद्ध, पुरुषाचे ग्राह्य, अशा नोंदी तीत होत्या. परीक्षकाला एकेका चित्रासाठी मिळणारा वेळ अत्यल्प. त्यामुळे संदर्भ पाहण्याची अपेक्षा नियमांत ठेवणेच गैरसोयीचे होते. कोट्यवधी चित्रांचा निवाडा करावयाचा तर नियम मोजता येण्याजोगा हवा, आणि मोजता येते ते आकारमान. आशय मोजता येत नाही.

२०१४ मध्ये स्तनपानाच्या छायाचित्रांवरील निर्बंध शिथिल झाले. मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांत स्तनपान, स्तनशस्त्रक्रियेनंतरचे व्रण आणि नग्नाकृती असलेली चित्रे, शिल्पे व अन्य कलाकृती यांना स्पष्ट मुभा मिळाली. मातांच्या सात वर्षांच्या आग्रहाचे हे फळ होते. तरीही मूळ नियम तसाच राहिला. त्याला अपवाद तेवढे जोडले गेले. मातृत्व हे यापुढे निषेधाच्या व्याख्येतून सूट मिळालेले प्रकरण ठरले.

४. अपवादांचे अपयश

अपवाद लिहिणे आणि अपवाद ओळखणे यांत किती अंतर असते, हे पुढील घटनांवरून दिसते. विलेनडॉर्फची व्हीनस ही सुमारे ११ सेंटिमीटर उंचीची चुनखडीची मूर्ती १९०८ मध्ये ऑस्ट्रियात सापडली. तिचे वय सुमारे ३० हजार वर्षे मानले जाते. मातृत्व वा सुफलता यांच्याशी तिचा संबंध अनेकांनी जोडला आहे, जरी तो सिद्ध करणे अवघड आहे. डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकवर प्रसृत केलेले तिचे छायाचित्र नाकारले गेले. २०१८ च्या आरंभी व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने जाहीर निषेध केला आणि चालकांनी चूक कबूल केली. शिल्पांना मुभा देणारा नियम त्यापूर्वी पावणेतीन वर्षे अस्तित्वात होता, हे येथे विसरता येत नाही.

त्याच वर्षी फ्लँडर्सच्या पर्यटनमंडळाने रुबेन्सच्या चित्रांच्या जाहिराती नाकारल्या जात असल्याबद्दल उघड पत्र लिहिले. तेथे अडचण वेगळी होती : साध्या मजकुराला लागू असलेली कलाविषयक मुभा जाहिरातींना लागू नव्हती. एकच चित्र कोण आणि कशासाठी दाखवितो यावरून ग्राह्य वा अग्राह्य ठरत होते. संदर्भ पाहण्यास असमर्थ म्हणविणारी व्यवस्था व्यापारी संदर्भ मात्र अचूक पाहत होती, हा विरोधाभास नोंदण्याजोगा आहे.

कूर्बेच्या १८६६ मधील ‘विश्वाचा उगम’ या चित्राचे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. २०११ साली एका फ्रेंच शिक्षकाचे खाते या चित्रामुळे बंद झाले, असा त्याचा दावा होता. अमेरिकेतीलच न्यायालयात दाद मागावी हे कंपनीचे म्हणणे पॅरिसच्या न्यायालयांनी २०१५ व २०१६ मध्ये फेटाळले. मार्च २०१८ च्या निर्णयात पूर्वसूचनेवाचून खाते बंद करण्यात कंपनीची चूक झाल्याचे न्यायालयाने म्हटले. मात्र नुकसानभरपाई दिली नाही. सात वर्षांच्या लढ्यानंतर मूळ प्रश्न अनिर्णीतच राहिला.

चित्र आणि छायाचित्र यांतील भेद हा तिसरा अडथळा. नियमाने रंगविलेल्या देहाला मुभा दिली, परंतु छायाचित्रित देहाला नाही. २ जून २०१९ रोजी न्यूयॉर्क येथील फेसबुकच्या कार्यालयासमोर स्पेन्सर ट्यूनिक या छायाचित्रकाराने विवस्त्र स्वयंसेवकांसह जो निषेध केला, त्याचा रोख याच भेदावर होता. मातृत्वाच्या कलेच्या दृष्टीने हा भेद विशेष घातक आहे. पाउला मोडरसोन-बेकर हिने १९०६ मध्ये बाळाला कवेत घेऊन निजलेली विवस्त्र माता रंगविली. ते चित्र नियमात बसते. रिनेके डाइकस्ट्रा यांनी १९९४ मध्ये नुकत्याच प्रसूत झालेल्या मातांची, नवजात अर्भके छातीशी धरलेली, छायाचित्रे घेतली. थकवा, रक्त, अभिमान यांचे असे प्रामाणिक चित्रण विरळाच. परंतु २०१५ च्या नियमाच्या शब्दांपुढे ते संशयित ठरत होते.

५. निवाड्याचा अधिकार

ऑक्टोबर २०२० मध्ये ब्राझीलमध्ये स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीसाठी इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध केलेली छायाचित्रे यंत्राने आपोआप काढून टाकली. कंपनीनेच स्थापिलेल्या निरीक्षक मंडळाने २८ जानेवारी २०२१ रोजी या प्रकरणी निर्णय देताना, पुरेशा मानवी देखरेखीवाचून यंत्रावर विसंबण्यावर बोट ठेवले. जानेवारी २०२३ मध्ये याच मंडळाने दुसऱ्या प्रकरणात, स्त्रीपुरुषभेदावर आधारलेला नग्नतेचा नियमच संदिग्ध असल्याचे सांगून स्पष्ट व मानवी हक्कांशी सुसंगत निकष ठरविण्याची शिफारस केली. म्हणजे २००८ मध्ये पालो आल्टोला जमलेल्या मातांचा आक्षेप चौदा वर्षांनी कंपनीच्या स्वतःच्या मंडळाने मूलतः ग्राह्य धरला.

चालकांची बाजूही न्याय्यपणे मांडली पाहिजे. संमतीवाचून प्रसृत केलेली खाजगी छायाचित्रे आणि बालकांचे लैंगिक शोषण यांचा धोका काल्पनिक नाही. त्यांपासून संरक्षण द्यावयाचे तर त्वरित आणि विस्तृत प्रमाणावर निर्णय करणे भाग पडते. परंतु या दोन्ही अपराधांची व्याख्या संमती व शोषण या शब्दांनी होते. स्तनाग्राच्या दृश्यतेने होत नाही. संरक्षणाचा हेतू आणि नियमाचा शब्द यांची फारकत झाल्यामुळे नियम अपराधापर्यंत उशिरा पोहोचतो आणि मातेपर्यंत लवकर.

इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रकरणाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर साधनांत आहे. लज्जागौरीची मूर्ती मातीखाली टिकली, म्हणून तिचा अर्थ पुन्हा वाचता आला. फान आइकचे फलक कोणी झाकून ठेवले असते, तरी ते उघडता आले असते. आज स्त्रिया आपल्या प्रसूतीचे, स्तन्याचे आणि आजाराचे जे चित्रण करतात, त्याचा फार मोठा भाग समाजमाध्यमांवरच प्रसिद्ध होतो आणि काढून टाकल्यावर त्याचा मागमूस राहत नाही. प्रख्यात दिग्दर्शकाचे चित्र परत येते, संग्रहालयाची मूर्ती परत येते. अनाम मातेने काढलेले चित्र परत मागणारा कोणी नसतो. उद्याच्या संशोधकाला मातृत्वाच्या कलेचा इतिहास लिहिताना जी पोकळी आढळेल, तिचे कारण त्या काळी चित्रे काढलीच गेली नाहीत हे नसेल.

यास्तव नियमांच्या भाषेचे परीक्षण हे भाषाशास्त्राचे आणि इतिहासाचे समाईक काम ठरते. आलंकारिकांनी दोषाचा निर्णय शब्दावर न सोपवता प्रसंगावर सोपविला, यात जे शहाणपण होते ते जुने झालेले नाही. यंत्राला प्रसंग वाचता येत नसेल, तर यंत्राच्या सोयीसाठी प्रसंगच वगळणे हा त्यावरील उपाय नव्हे. जेथे संशय असेल तेथे माणसाने पाहावे, कारण सांगावे आणि त्याचा लेख ठेवावा. आजच्या नियामकांकडून याहून कमी अपेक्षा ठेवण्याचे कारण दिसत नाही.