गोव्यात लग्न : नियोजकावर काय सोपवावे, काय नाही

सनईचे सूर, कार्यालयातील पंगती आणि दारातली रांगोळी हे मराठी लग्नाचे चित्र अद्याप पुसले गेलेले नाही. मात्र मुंबई-पुण्यातील सुखवस्तू आणि आता मध्यमवर्गीय कुटुंबांतही या चित्राच्या पार्श्वभूमीला समुद्र येऊ लागला आहे. निवडक पाहुण्यांना घेऊन परगावी जायचे, दोन-तीन दिवस एकाच हॉटेलात मुक्काम करायचा आणि तेथेच कार्य पार पाडायचे, या प्रकाराला ‘डेस्टिनेशन वेडिंग’ असे नाव आहे. अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांच्या डिसेंबर २०१७ मध्ये इटलीत झालेल्या लग्नासारख्या सोहळ्यांनी त्याला झळाळी दिली. २६ नोव्हेंबर २०२३ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी परदेशात लग्ने करण्याच्या प्रथेविषयी नाराजी व्यक्त करून ती भारतातच करावीत, असे आवाहन केले होते. मराठी कुटुंबांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गोवा आहेच.

परगावचे कार्य घरच्या माणसांना झेपत नाही, म्हणून वेडिंग प्लॅनर अर्थात विवाह नियोजकाची मदत घेतली जाते. खरे पाहता ही कल्पना आपल्याला अगदीच नवखी नाही. पुण्यातील मंगल कार्यालयांचे व्यवस्थापक वर्षानुवर्षे आचारी, गुरुजी, फुलवाले आणि घोडेवाले यांची मोट बांधत आले आहेत. त्यांनी स्वतःला नियोजक म्हणवून घेतले नाही, एवढेच. फरक आहे तो पैशांच्या आकड्यात आणि अंतरात. कार्यालयात काही बिनसले तर काका दुचाकी काढून मंडईत जाऊ शकतात. काणकोणच्या किनाऱ्यावर ती सोय नसते. म्हणूनच नियोजकावर धावपळ सोपवता येते, जबाबदारी मात्र घरच्यांकडेच राहते, हे आधीच ओळखून व्यवहार केलेला बरा.

मानधन आणि करार

नियोजकाचे मानधन दोन प्रकारे ठरते. एक तर ठोक रक्कम, नाही तर एकूण खर्चाच्या ठरावीक टक्के. दुसऱ्या प्रकारात खर्च वाढला की मानधनही वाढते. समजा, दहा टक्के ठरले आणि ३० लाखांचे अंदाजपत्रक ४० लाखांवर गेले, तर नियोजकाचे तीन लाखांचे चार लाख होतात. काटकसर सुचवण्यात त्याचे नुकसानच असते. याशिवाय सजावटकार, छायाचित्रकार वा हॉटेल यांच्याकडून नियोजकाला परस्पर दलाली मिळते का, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याकडे संकोच केला जातो. तो करू नये. दलाली घेणे हा गुन्हा नव्हे, पण ती आपल्याच देयकातून जाते. आमच्या मते मध्यम खर्चाच्या लग्नासाठी ठोक मानधन आणि प्रत्येक पुरवठादाराचे मूळ देयक थेट कुटुंबाच्या नावे, हीच रीत सोयीची.

मानधनावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. अंदाजपत्रकात दिलेली रक्कम करासह आहे की करावेगळी, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट करून घ्यावे. हॉटेलच्या खोलीचे भाडे दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्के झाला आहे, त्यावरील भाड्याला १८ टक्के. पन्नास खोल्या तीन रात्रींसाठी घेताना हा फरक किरकोळ राहत नाही. काही पुरवठादार रोखीचा आग्रह धरतात. एकाच प्रसंगानिमित्त एका व्यक्तीकडून दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून मनाई केलेली आहे. दंड स्वीकारणाऱ्याला होतो हे खरे. पण रोख दिलेल्या पैशांची पावती नसेल तर वाद झाल्यावर हात चोळत बसण्याची पाळी देणाऱ्यावर येते.

करारात कामांची यादी असतेच. पाहायचे ते यादीत नसलेले. प्रत्यक्ष लग्नाच्या दिवशी नियोजक स्वतः हजर राहणार की सहायक पाठवणार, त्याची किती माणसे असतील, त्यांच्या निवासाचा व जेवणाचा खर्च कोणाचा, जनरेटर हॉटेलचा की भाड्याचा, परवानग्या कोणाच्या नावावर काढायच्या, हे सारे लिहून घ्यावे.

मुहूर्त, हंगाम आणि भरती-ओहोटी

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि चातुर्मासात ते थांबतात. ठळक मुहूर्ताच्या दिवशी देशभरातील कुटुंबे त्याच तारखांवर डोळा ठेवून असतात, त्यामुळे हॉटेलांचे दरही पंचांग पाहूनच ठरतात, असे गमतीने म्हणता येईल. गोव्यात त्यात पर्यटनाच्या हंगामाची भर पडते. नाताळ ते नववर्ष या काळात खोल्यांचे दर कळसाला पोहोचतात, आणि नेमका तोच धनुर्मास असल्याने मुहूर्त मानणाऱ्या कुटुंबांची त्यातून आपोआप सुटका होते. परदेशात नोकरी करणाऱ्या मुलांना मात्र रजा याच दिवसांत मिळते. मग काढीव मुहूर्ताचा आधार घेतला जातो आणि हॉटेलला दुप्पट दर द्यावा लागतो. मुलांना रजा पुढे ढकलता येते का, हे एकदा विचारून पाहायला हरकत नाही.

किनाऱ्यावर लग्न लावायचे तर पंचांगाच्या जोडीला भरती-ओहोटीचे वेळापत्रकही हवे. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. जानेवारीत पाहणी करताना ऐसपैस दिसलेली वाळू फेब्रुवारीतील गोरज मुहूर्तावर पाण्याखाली असू शकते. जागेची पाहणी मुहूर्ताच्या घटकेला आणि शक्यतो त्याच तिथीला करावी.

किनारा हॉटेलचा नसतो

हॉटेलच्या माहितीपत्रकात किनारा हॉटेलच्या अंगणासारखा दिसतो. प्रत्यक्षात भरतीरेषेखालची वाळू सार्वजनिक असते आणि तिच्या लगतच्या पट्ट्याला किनारी नियमन क्षेत्राचे (सीआरझेड) निर्बंध लागू आहेत. तेथे मंडप उभारायचा तर संबंधित शासकीय यंत्रणांची परवानगी लागते. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी राखलेले आहेत. लग्नसराई आणि विणीचा हंगाम एकाच वेळी येत असल्याने तेथे प्रखर दिवे व मोठ्या आवाजाची अपेक्षाच ठेवू नये. ‘परवानगीचे आम्ही पाहतो’ या नियोजकाच्या तोंडी आश्वासनावर न विसंबता परवानगीपत्राची प्रत आधी हाती घ्यावी.

ध्वनिप्रदूषण नियम २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहाला यातून सूट आहे. म्हणून संगीताचा कार्यक्रम हिरवळीवर सुरू करायचा असेल तर तो सायंकाळी लवकर सुरू करावा आणि दहानंतरच्या नाचगाण्यांसाठी सभागृह आधीच राखून ठेवावे. ऐन वेळी सभागृहाचे भाडे स्वतंत्र लावले जाते, आणि त्या क्षणी कोणताही वधुपिता घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत नसतो.

गाण्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. लग्नाच्या मिरवणुकीत व लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. या सवलतीचा आधार घेऊन गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते ऑगस्ट २०२४ मध्ये रद्दबातल ठरवले. कायद्यातील सवलत कायम आहे, पण तिची व्याप्ती किती यावर वाद आहे. परिणामी अनेक हॉटेले जोखीम नको म्हणून परवान्याची मागणी करतात. ती रक्कम कोणी भरायची हे करारात असावे.

सप्तपदी वेळापत्रकात बसवताना

नियोजकांकडे लग्नाचा एक तयार साचा असतो : मेंदी, संगीत, हळद, फेरे, स्वागत समारंभ. मराठी लग्न या साच्यात नीट बसत नाही. देवक, सीमांतपूजन, मंगलाष्टके, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी हा क्रम आणि त्याला लागणारा वेळ नियोजकाला माहीत असेलच असे नाही. छायाचित्रांसाठी सूर्यास्त साधायचा म्हणून होम वीस मिनिटांत आटोपण्याची सूचना गुरुजींना केली जाते. होमकुंडाच्या धुराने सभागृहातील अग्निसूचक भोंगा वाजू नये म्हणून होमाची जागा उघड्यावर ठेवावी लागते, आणि तेथे समुद्राचा वारा अग्नी टिकू देत नाही. तीन बाजूंनी आडोसा हवा, ही साधी गोष्ट नियोजकाच्या यादीत नसते. आत्याबाईंच्या डोक्यात असते. तेव्हा घरातील एका जाणत्या व्यक्तीने गुरुजींना सोबत घेऊन मिनिटांसह वेळापत्रक तयार करावे आणि नियोजकाने ते तंतोतंत पाळावे.

हा केवळ हौसेचा वा श्रद्धेचा भाग नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ नुसार जेथे सप्तपदी विधीचा भाग असते तेथे सातव्या पावलाने विवाह पूर्ण होतो. आवश्यक विधींवाचून निव्वळ नोंदणीने हिंदू विवाह वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. सप्तपदीचे अखंड चित्रीकरण आणि साक्षीदारांची नावे-पत्ते जपून ठेवावेत.

नोंदणीच्या बाबतीत गोव्याचे वेगळेपण लक्षात घ्यावे लागते. तेथील कौटुंबिक कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला असून विवाहाची नोंदणी नागरी निबंधकासमोर होते. मौजेखातर तीन दिवसांसाठी आलेल्या जोडप्याने त्या प्रक्रियेत शिरण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. आपल्याच जिल्ह्यात विशेष विवाह कायद्यान्वये आधी नोंदणी विवाह करून गोव्यात विधी करणे हा एक मार्ग आहे. त्यासाठी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागते, नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावे लागते आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह करावा लागतो. प्रमाणपत्रावर तारीख नोंदणीची येते, मुहूर्ताची नव्हे. विधी गोव्यात आणि नोंद महाराष्ट्रात करायची असेल, तर कोणती कागदपत्रे लागतील हे आपल्या निबंधक कार्यालयात निघण्यापूर्वीच विचारावे. मुलगा वा मुलगी परदेशी असेल तर व्हिसासाठी हाच कागद लागतो, आणि त्यात नियोजकाचा काहीही उपयोग नसतो.

पाहुणे, पंगत आणि प्रवास

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी जुना, पेडणे तालुक्यातील मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमाने सुरू झाली. मोपा राज्याच्या उत्तर टोकाला आहे. लग्न दक्षिणेत काणकोणला आणि स्वस्त तिकीट म्हणून पाहुणे मोप्याला उतरले, तर संपूर्ण राज्य ओलांडावे लागते. निमंत्रणातच विमानतळाचे नाव द्यावे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी थिवी, करमळी, मडगाव वा काणकोण यांपैकी जवळचे स्थानक कळवावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, तेव्हा दोन महिने आधीची सकाळ दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावी.

आजी-आजोबांची काळजी यादीत सर्वांत वर असावी. वाळूत चाकाची खुर्ची चालत नाही. लग्नमंडपापर्यंत फळ्यांची वाट, त्यांच्या खोल्या तळमजल्यावर आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक या तीन गोष्टींना फुलांच्या कमानीहून कमी खर्च येतो. जेवणाचे म्हणाल तर हॉटेलच्या आचाऱ्याला मसालेभात, अळूची भाजी आणि मठ्ठा एकदा करून दाखवायला सांगावे. चव पाहिल्याशिवाय पंगत ठरवू नये.

बेत फिसकटला तर

मे २०२० मध्ये लग्नाला पन्नासच पाहुण्यांची मुभा होती. त्या काळात अनेक कुटुंबांनी आगाऊ रक्कम परत मिळवण्यासाठी हॉटेलांचे उंबरे झिजवले, कारण करारात ‘परत न मिळणारी’ एवढेच शब्द होते. आता तारीख बदलल्यास रक्कम वळती होईल का, किती दिवस आधी रद्द केल्यास किती कापली जाईल आणि शासकीय आदेशाने कार्यक्रम होऊ शकला नाही तर काय, या तिन्ही बाबी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. सर्व पैसे आधी देऊ नयेत. शेवटचा हप्ता कार्यानंतरचा असावा. लग्नाचा विमाही मिळतो, पण त्यात मन बदलल्याची भरपाई नसते.

तक्रार करण्याची वेळ आलीच, तर दर वेळी पणजीला खेटे घालण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. पावत्या, निरोपांच्या नोंदी आणि सहीचा करार एवढी शिदोरी मात्र हवी.

हॉटेल सोडण्याच्या दिवशी घाई असते. वऱ्हाड गाडीत बसण्यापूर्वी घरातील एकाने नियोजकासह हिशेबाला बसावे. पाहुण्यांनी खोलीत मागवलेले खाणे-पिणे आणि धुलाई ज्याच्या त्याच्या नावावर की एकत्रित देयकात, हे हॉटेलला पहिल्याच दिवशी लेखी कळवलेले नसेल, तर ते सारे वधुपित्याच्या देयकात सापडते.